दोन मेबॅक : एक कोल्हापूरची, एक चाकणची

दसऱ्याच्या दिवशी दुपार कलली, की निपाणीकडची कितीतरी माणसे कोल्हापूरची वाट धरतात. अंतर चाळीसएक किलोमीटरांचे. वाटेत कोगनोळीचा नाका, दूधगंगेचा पूल, कागल. आणि मग दसरा चौकातली ती अफाट गर्दी. सूर्यास्ताला शमीपूजन होते, सोने लुटले जाते. त्याआधी थोडा वेळ गर्दीत एक कुजबुज उठते आणि लहान मुलांना खांद्यावर घेतले जाते, कारण छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार यायची असते. एरवी ही मोटार रस्त्यावर दिसत नाही. आम्ही ती प्रथम आजोबांच्या खांद्यावरून पाहिली. पुढे आमच्या खांद्यावरून आमच्या मुलांनी पाहिली. लांबलचक बॉनेट, भरदार मडगार्ड आणि माणसाच्या चालीने पुढे सरकणारी ती मूर्ती पाहिली, की राजाराम महाराजांचा काळ काही क्षणांपुरता डोळ्यांपुढे उभा राहतो.

या जुन्या मेबॅकला आता आपल्याच वाटेवर एक धाकटी बहीण मिळाली आहे. मार्च २०२२ मध्ये मर्सिडीज-मेबॅक एस ५८० ही मोटार पुण्याजवळच्या चाकण येथे जुळवून विक्रीला आली. तेव्हा जाहीर झालेली किंमत होती अडीच कोटी रुपये. चाकण ते कोल्हापूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरांचे, आणि दोहोंना जोडणारा रस्ता म्हणजे आपलाच पुणे-बंगळूर महामार्ग, जो कोल्हापूर सोडल्यावर निपाणी, संकेश्वर, हत्तरगी, काकती करीत बेळगावास येतो. एकाच नावाच्या, परंतु सुमारे नऊ दशकांच्या अंतराने जन्मलेल्या दोन मोटारी एकाच रस्त्याच्या दोन टोकांना असाव्यात, हा योग सहसा जुळून येत नाही.

मागच्या दिवाळीत आमच्या घरी याच विषयावरून वाद पेटला. पुण्याहून आलेला पुतण्या म्हणाला, "काका, जुन्या गाड्यांचं कौतुक आठवणींपुरतं ठीक आहे. आत बसून पाहा, नव्यापुढे जुनी गाडी म्हणजे बैलगाडीच." आमची आक्का, वय वर्षे ब्याऐंशी, तत्काळ उत्तरली, "बैलगाडीत तरी गादी आपल्या घरची असायची रे." हसण्यावारी गेलेला हा संवाद आमच्या मनात मात्र रेंगाळला. आतली बैठक आणि आतले तंत्र या दोन कसोट्यांवर जुनी आणि नवी आलिशान मोटार समोरासमोर ठेवली, तर खरोखर काय दिसते, हे पाहण्याचा आमचा हा प्रयत्न आहे. या प्रश्नाला आमच्या घरापुरते एक व्यावहारिक कारणही आहे; त्याकडे शेवटी येऊ.

विमानाच्या इंजिनातून मोटारीकडे

प्रथम थोडा इतिहास. विल्हेल्म मेबॅक हे गॉटलिब डाइम्लर यांचे सहकारी. १९०१ ची पहिली मर्सिडीज मोटार त्यांच्याच आराखड्यावर उभी राहिली. १९०९ मध्ये काउंट झेपेलिन यांच्या सहकार्याने त्यांनी आणि पुत्र कार्ल यांनी हवाई जहाजांची इंजिने बनविण्याचा कारखाना काढला, जो पुढे फ्रीड्रिक्सहाफेन येथे स्थिरावला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमान-उद्योगावर बंधने आली आणि या कारखान्याला दुसरे काम शोधणे भाग पडले. त्यातून १९२१ पासून मेबॅक मोटारी निघू लागल्या. १९४० पर्यंत, म्हणजे दोन दशकांत, त्यांची एकूण संख्या दोन हजारांच्या आसपासच राहिली. यावरून त्या कोणासाठी होत्या हे कळते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मेबॅकचा कारखाना इंजिन आणि सांगाडा तयार करी. वरचे घर, म्हणजे दारे, छत, बैठका, लाकूडकाम, दुसरे कारागीर बांधीत, आणि त्यांत जवळच्याच रावेन्सबुर्ग गावच्या श्पोन या पेढीचा वाटा मोठा होता. घोड्यांच्या बग्ग्या बांधणाऱ्यांची जी परंपरा युरोपात होती, तिचाच हा पुढचा टप्पा. गिऱ्हाइकाने कापड निवडावे, लाकूड निवडावे, बैठकीची उंची आपल्या गुडघ्यांच्या मापाने ठरवावी. थोडक्यात, शिंप्याकडून अंगरखा शिवून घ्यावा तशी मोटार शिवून घ्यावी. कोल्हापूर, सांगली, जमखंडी, मुधोळ, सावंतवाडी अशा संस्थानांच्या शेजारात वाढलेल्या आपल्या घराण्यांना ही रीत नवी नव्हती. पालखी, मेणा, बग्गी यांची सजावट मालकाच्या मर्जीने होत असे. मोटार आली तेव्हा तीही त्याच रांगेत जाऊन बसली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मेबॅक मोटारी बंद झाल्या. १९६० मध्ये डाइम्लर-बेंझने ती कंपनी घेतली आणि २००२ मध्ये ५७ आणि ६२ या मोटारींनी त्या नावाचे पुनरुज्जीवन झाले. हे आकडे म्हणजे मोटारीची लांबी, ५.७ आणि ६.२ मीटर. तो प्रयोग २०१२ पर्यंत चालला. २०१४ च्या अखेरीस मर्सिडीज-मेबॅक या जोडनावाने तिसरा जन्म झाला, आणि चाकणची मोटार ही या तिसऱ्या जन्मातली.

आतली बैठक : जुनी

जुन्या आलिशान मोटारीची बैठक हे सुताराचे आणि गादीवाल्याचे काम असे. आत लाकडी चौकट, तिच्यावर हातांनी बांधलेल्या पोलादी स्प्रिंगा, त्यांवर घोड्याच्या केसांची भरणी, मग कापसाचा थर आणि शेवटी कापड अथवा चामडे. अशी बैठक शरीराला एकदम आधार देत नाही. बसल्यावर ती थोडी खाली जाते, मग थांबते. हवा तिच्यातून खेळते. आपल्या उन्हाळ्यात तासभर बसूनही पाठ भिजत नाही, याचे कारण तिच्या भरणीत आहे.

चामड्याविषयी एक गोष्ट वाचकांना नवलाची वाटेल. १९२०-३० च्या दशकांतील उंची मोटारींत चामडे बहुधा पुढे, चालकाच्या बैठकीला असे. मागे मालकाच्या बैठकीला उत्तम लोकरी कापड. बग्गीच्या काळात गाडीवान उघड्यावर बसे, पाऊस त्याच्या अंगावर येई, म्हणून त्याची जागा चामड्याची. आत बसणाऱ्याला मऊ आणि नि:शब्द कापड. बसताना चामडे करकरते, कापड करकरत नाही, एवढा बारीक विचार त्यामागे होता. आज मात्र चामडे हीच श्रीमंतीची खूण ठरली आहे. प्रतिष्ठेच्या खुणा अशा उलटतात, आणि आपण त्यांनाच गुणवत्ता समजून बसतो.

चामड्याची पारख आपल्या भागाला कोणी शिकवायला नको. निपाणी, अथणी आणि कोल्हापूर येथील चपला बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याच्या. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून, आणि त्यांत बेळगाव आहे. सीमारेषा कागदावर काहीही म्हणो, चामड्याने आपला मुलूख एकच धरला. अशी चपल पहिले आठ दिवस चावते, नंतर पायाचा आकार घेते, आणि झिजेल तशी गडद होते. जुन्या मोटारींचे चामडे याच जातीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यावरही रंग आणि लाखेचा थर असे. परंतु तो थर हाताने काढून पुन्हा चढविता येई. आजच्या मोटारींच्या चामड्यावर बहुधा पॉलियुरेथेनचा पातळ लेप असतो. त्यामुळे डाग पडत नाही, ऊन लागत नाही, पहिल्या दिवशीची कांती बरीच वर्षे टिकते. मात्र एकदा तो लेप फाटला, की खालचे चामडे उघडे पडते आणि जुन्या रीतीने ते सांधता येत नाही.

जुन्याचे तंत्र आणि जुन्याचे हाल

जुन्या मोटारी तंत्रात मागास होत्या हा समज चुकीचा. १९३० च्या दशकातील मेबॅक मोटारींत स्टिअरिंगवरच्या लहान दांड्यांनी, इंजिनातील निर्वाताचा जोर वापरून गिअर बदलण्याची सोय होती. त्याच दशकातील आठ लिटरच्या 'झेपेलिन' मोटारीत बारा सिलिंडर होते. विजेवर चालू होणारे इंजिन १९१२ मध्ये, गिअर न कुरकुरता पडावा म्हणून सिंक्रोमेश १९२८ मध्ये, दोन्ही कॅडिलॅकमध्ये, प्रथम आले. त्या काळाच्या मानाने ही क्रांतीच.

परंतु बसणाऱ्याच्या सोयीसुविधांचा विचार केला, तर जुन्यांचे कौतुक आवरते घ्यावे लागते. ते आमच्या घरचाच दाखला देऊन सांगतो.

आमचे तात्या, म्हणजे आजोबांचे धाकटे बंधू, निपाणीत तंबाखूच्या व्यापारात होते. १९५३ साली त्यांनी डॉज किंग्जवे घेतली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात १९४७ पासून डॉज आणि प्लिमथ मोटारी जुळवायला सुरुवात केली होती, त्यांतली ही एक. मेबॅकच्या पंक्तीला ती बसणार नाही. पण १९५३ च्या निपाणीत तिच्याहून आलिशान ते काय असणार? पुढे अखंड लांब बैठक, गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी, सहा सिलिंडरचे धिमे इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी. मागे बायका-मुले मिळून सहा-सात जण सहज मावत. तवंदीच्या घाटात उन्हाळ्यात रेडिएटर उकळला नाही असा प्रवास विरळा. पाण्याचा डबा आणि ओले फडके ही त्या मोटारीची वातानुकूलन-यंत्रणा. काचा उघड्या, त्यामुळे धूळ, तंबाखूचा वास, गुऱ्हाळाचा वास, समोरच्या ट्रकचा धूर हे सगळे आत. बेळगावास लग्नाला पोचेपर्यंत बायकांच्या पातळांचा रंग ओळखू येत नसे.

आणि सुरक्षितता? ती नव्हतीच. पट्टा नाही, स्टिअरिंगची पोलादी दांडी थेट छातीच्या रोखाने, पुढचा डॅशबोर्ड पत्र्याचा. अपघातात मोटारीला पोचा पडे आणि माणूस दगावे. तीन टोकांचा पट्टा व्होल्व्हो कंपनीच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणला. त्याच वर्षी मर्सिडीजने, धडक बसता मोटारीची पुढची-मागची बाजू चेपून आतल्या माणसाला वाचवावे, ही बेला बारेनी यांची कल्पना उत्पादनात उतरविली. चाके न अडकता ब्रेक लागण्याची यंत्रणा १९७८ मध्ये आणि चालकासाठी एअरबॅग १९८१ च्या सुमारास मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. जुन्या मोटारीच्या अक्रोडी फळीवर हात फिरविताना, त्या फळीमागे यांतले काही नव्हते, हे विसरता कामा नये.

मधला काळ

१९५३ च्या टॅरिफ कमिशनने देशात पूर्ण मोटार बनविण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच थारा द्यावा अशी शिफारस केली. नुसती जुळवणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी त्यानंतर भारतातील काम गुंडाळले. पुढची तीन-चार दशके अँबेसडर आणि फियाट यांची. परदेशी मोटार हवी असेल, तर वकिलातींनी वापरून झालेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, त्यांतली एखादी मिळवावी लागे. बेळगावच्या कॅम्प भागात आमच्या एका स्नेह्यांकडे अशीच १९८० च्या सुमाराची मर्सिडीज होती, डिझेलवर चालणारी.

जुन्या-नव्याच्या तुलनेत ही मधली पिढी आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते. त्या मोटारीच्या बैठका चामड्याच्या नव्हत्याच. मर्सिडीजच्या त्या काळातील बहुतेक मोटारींप्रमाणे त्या कृत्रिम चामड्याच्या होत्या. आपण ज्याला रेग्झिन म्हणतो त्याच कुळातले, पण इतके जाड आणि घट्ट, की चाळीस पावसाळे जाऊनही शिवण उसवली नव्हती. दार लावले, की तिजोरीचे दार लावल्यासारखा आवाज येई. बटणे मोजकीच, प्रत्येक बटण दाबले की बोटाला कळे. त्या मोटारीत आराम बेताचा होता, थाट तर नव्हताच. पण जे होते ते बनविणाऱ्याने टिकण्यासाठी बनविले होते. गुणवत्ता आणि उंची जिन्नस या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आम्ही त्या रेग्झिनवर बसून शिकलो.

१९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी स्थापन झाली. पुण्याच्या टेल्को कारखान्याच्या आवारात तिचे काम सुरू झाले, आणि २००९ मध्ये ती चाकणला स्वत:च्या कारखान्यात गेली. परदेशी मोटारीसाठी दिल्लीच्या वकिलातीकडे डोळे लावून बसण्याचे दिवस संपले.

आतली बैठक : नवी

आता चाकणच्या मेबॅककडे वळू. एका आप्तांच्या कृपेने पुण्यात तिच्या मागच्या बैठकीवर बसण्याचा योग आला, म्हणून थोडे स्वानुभवाने लिहितो. मागचे दार विजेवर उघडते आणि मिटते. बैठक मागे कलते, पोटऱ्यांखाली आधार वर येतो, पाठीला मालीश होते, हवे तर गारवा, हवी तर ऊब. तीसएक स्पीकर आहेत आणि गाण्याचा ठेका बैठकीतूनही जाणवावा अशी योजना आहे. मधोमध बारा इंचांहून मोठा पडदा. चार लिटरच्या आठ सिलिंडर इंजिनाला ४८ व्होल्टच्या विजेची जोड. रस्त्याचा जो आवाज तरीही आत येतो, त्याच्या विरुद्ध लहरी सोडून तो मारण्याची यंत्रणा आहे. १९५८ मध्ये डेव्हिड ओगिल्वी यांनी रोल्स-रॉईसच्या शांततेची जाहिरात करताना आतल्या विजेच्या घड्याळाच्या आवाजाचा दाखला दिला होता. चाकणच्या मोटारीतले घड्याळ पडद्यावरचे आहे. त्याची टिकटिकही नाही.

सुरक्षिततेत तर तुलनाच संभवत नाही. एस-क्लासच्या या पिढीने २०२० मध्ये मागच्या प्रवाशांच्या समोर उघडणारी एअरबॅग प्रथमच आणली. बाजूने येणारे वाहन, समोर थांबलेला ट्रक, चालकाला येणारी डुलकी यांकडे यंत्र स्वत: लक्ष ठेवते. रात्री तवंदीचा घाट उतरताना ज्यांनी आपली माणसे गमावली, अशी घरे आपल्यात आहेत. त्यांच्यापुढे आम्ही अक्रोडाच्या लाकडाचे गोडवे गाणार नाही. पुतण्याचे म्हणणे येथे निर्विवाद खरे आहे.

तरीही एक गोष्ट त्या शांततेत बसल्यावर जाणवली. तात्यांच्या डॉजमध्ये रस्ता आत येई. या मोटारीत रस्ता बाहेरच राहतो. या महामार्गाला स्वत:ची स्मृती आहे. १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली याच रस्त्यावर हजारोंच्या संख्येने ठिय्या दिला होता. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकरी मृत्युमुखी पडले. तात्या स्वत: व्यापारी, म्हणजे शेतकऱ्यांच्या दृष्टीने दुसऱ्या बाजूचे. परंतु उघड्या काचेतून त्यांना त्या माणसांचे चेहरे दिसत, आणि त्या चेहऱ्यांनी विचारलेले प्रश्न त्यांना पुढे कित्येक वर्षे सुटले नाहीत. धूळ आत येत होती तेव्हा आणखीही काही आत येत होते. ही काही मोटारीच्या गुणवत्तेची कसोटी नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. पण नोंद करून ठेवतो.

वय झाल्यावर

मोटारीच्या अंतर्भागाची खरी परीक्षा पहिल्या दिवशी होत नाही. ती पंधराव्या वर्षी होते. बेळगावचा पाऊस आणि त्यानंतरचा उन्हाळा हे दोन परीक्षक कठोर आहेत. जुन्या मोटारीचे लाकूड उन्हात तडकते, चामड्यावर आषाढात बुरशी धरते, कापडाला कसर लागते. या तिन्ही दुखण्यांवर मात्र इलाज आहे. आमच्या डॉजची बैठक दोनदा उसवून भरली गेली. बेळगावच्या एका वृद्ध कुशनवाल्याने घोड्याच्या केसांऐवजी काथ्या घातला, स्प्रिंगा सुतळीने फिरून बांधल्या, आणि आठ दिवसांत गादी पूर्ववत करून दिली. इंजिनाचा एक भाग तुटला तेव्हा उद्यमबागेत लाकडाचा नमुना करून तो ओतून घेतला आणि लेथवर उतरविला. बेळगावची ओतशाळांची आणि यंत्रकामाची परंपरा मोठी. देशभरच्या मोटारउद्योगाला येथून सुटे भाग जातात. नमुना हाती दिला, की काय हवे ते येथे घडते.

नव्याचे दुखणे वेगळे. २००० नंतरच्या अनेक मोटारींत प्लॅस्टिकवर मऊ लेप देण्याची पद्धत आली. हाताला तो मखमलीसारखा लागे. दहा-बारा वर्षांनी दमट हवेत तोच लेप चिकट होऊन बोटांना लागू लागतो. छताच्या कापडामागचा स्पंज भुगा होऊन कापड लोंबू लागते. ही तरी डोळ्यांना दिसणारी दुखणी. न दिसणारे दुखणे इलेक्ट्रॉनिक्सचे. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मोटारीतील उपकरणांना एका तारेवर एकमेकांशी बोलते करणारी पद्धत जाहीर केली आणि तेव्हापासून बैठक, दार, काच, दिवा हे सारे संगणकाचे अवयव झाले. आमच्या परिचयातील एका घरी सात-आठ वर्षांच्या महागड्या मोटारीची बैठक एके दिवशी मागे कललेल्या अवस्थेतच अडकली. आत एक छोटी पेटी बिघडली होती. ती पेटी नवी आणावी लागेल, आणि आणल्यावरही कंपनीच्या संगणकाने तिची ओळख पटविल्याशिवाय ती चालणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. अडीच महिने यजमान अर्धवट झोपून कचेरीत जात होते. आमच्या डॉजवर हात फिरविलेल्या मिस्त्रींना त्यांनी ती मोटार दाखविली. मिस्त्री बराच वेळ खाली वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, "मालक, मोडलंय कुठं ते कळतंय की मला. पण ही माझ्याशी बोलतच न्हाई बघा."

आमच्या मते जुन्या-नव्यातला सर्वांत मोठा फरक त्या एका वाक्यात आला. जुन्या मोटारीतले ज्ञान तिच्या अंगावर लिहिलेले होते. उसवले, की दिसत असे. नव्या मोटारीतले ज्ञान कुलूपबंद आहे आणि किल्ली दूरच्या गावी आहे. आरामात, वेगात, सुरक्षिततेत नवी कितीतरी पुढे. पण तिची मालकी घेऊनही ती पुरती आपली होत नाही.

नव्याची वाटचाल एकाच दिशेने चालली आहे असेही नाही. एस-क्लासच्या ताज्या पिढीत आधीपेक्षा २७ बटणे कमी केली होती आणि सारा भार पडद्यावर टाकला होता. आता युरोपातील मोटार-सुरक्षेचे गुणांकन करणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना हाताने चालणारी कळ असावी, तरच पूर्ण गुण, असा नियम केला. बैठकीला पुन्हा लोकरी कापड देणाऱ्या उंची मोटारीही निघू लागल्या आहेत. टाकून दिलेल्यातले काही परत उचलावे लागते, हे नव्यालाही उमगते.

आमच्या घरचा प्रश्न

तात्यांची डॉज आजही निपाणीच्या वाड्यामागच्या शेडमध्ये उभी आहे. इंजिन चालते, रस्त्यावर आणून मात्र बरीच वर्षे झाली. दिवाळीतला वाद निघाला तो यामुळेच. शेडची जागा हवी आहे, भंगारवाला भाव विचारून गेला आहे, आणि पुतण्याच्या हिशेबात तिच्यावर खर्च करणे म्हणजे भावनेपायी पैसा घालविणे आहे.

त्या रात्री आम्ही तिची कागदपत्रे काढून बसलो. पहिली नोंद मुंबई राज्याची, १९५३ ची. १ नोव्हेंबर १९५६ नंतर म्हैसूर राज्याची, आणि १९७३ नंतरच्या पावत्यांवर कर्नाटक. मोटार आपल्या शेडमध्येच उभी होती; सीमा तिच्यावरून गेली. जे तिचे झाले तेच या भागात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या साऱ्या घराण्यांचे झाले. आपण कोठे गेलो नाही आणि तरी आपला पत्ता बदलला. अशा वेळी माणूस जवळच्या ज्या वस्तूंना धरून राहतो, त्या बहुधा दुरुस्त करता येण्यासारख्या असतात : घर, तांब्याची भांडी, चपला, गादी. कल्हई करता येते, टाका घालता येतो, म्हणून त्या पुढच्या पिढीच्या हाती जातात.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. अशा मोटारीला 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र क्रमांकमालिका मिळते. नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. रोजच्या वापराला मनाई, पण प्रदर्शनाला आणि जुन्या मोटारींच्या मेळाव्याला ती नेता येते. पुतण्याने स्वत:च हा नियम शोधून काढला आणि अर्ज भरण्याचे कामही अंगावर घेतले, हे येथे कौतुकाने नमूद केले पाहिजे. त्याने एकच अट घातली, की घरच्या मुलांना या मोटारीतून महामार्गावर न्यायचे नाही. त्यासाठी त्याची नवी, एअरबॅगवाली मोटार आहे. अट रास्त आहे आणि आम्ही ती मान्य केली.

कुशनवाले वृद्ध गृहस्थ आता नाहीत. त्यांचा नातू हे काम करतो, पण स्प्रिंगा बांधणे त्याला आजोबांनी शिकविले होते की नाही, हे गादी उसवल्यावरच कळेल. येत्या मार्गशीर्षात त्याला बोलाविले आहे. आक्काने काथ्याऐवजी घरचा कापूस घालावा असे सुचविले आहे, आणि त्यासाठी माळ्यावरची जुनी गादी काढून उन्हात टाकलीही आहे.